कोलारचे सोने आणि त्याचे गाव

२०२० सालच्या फेब्रुवारी महिन्यात, वाराणसीच्या दक्षिणेस असलेल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टन सोने सापडल्याची वार्ता वृत्तपत्रांतून देशभर पसरली. शोण नदाच्या खोऱ्यातील हा डोंगराळ मुलूख होय. अमरकोशात ह्या नदास हिरण्यवाह, म्हणजे सोने वाहून आणणारा, असेही नाव दिलेले आहे. तेव्हा ही वार्ता लोकांस खरी वाटावी ह्यात नवल नव्हते. परंतु थोड्याच दिवसांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने खुलासा केला. त्या ठिकाणी सुमारे ५२,८०६ टन धातुक, म्हणजे धातुयुक्त खडक, असावा, व त्याच्या दर टनात सरासरी ३.०३ ग्रॅम सोने असावे, असा विभागाचा अंदाज होता. ह्या दोन आकड्यांचा गुणाकार केल्यास सोने भरते सुमारे १६० किलोग्रॅम. सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून अधिक जड असल्यामुळे एवढे सोने एका लहानशा कळशीत मावेल.

तीन हजार टन हा आकडा किती अवास्तव होता हे समजण्यासाठी एका जुन्या खाणीचा हिशेब पाहणे उपयुक्त ठरेल. कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्र ही भारतातील सर्वांत मोठी व सर्वांत प्रसिद्ध सोन्याची खाण होय. तेथे सुमारे एकशे वीस वर्षे अव्याहत काम चालले. ह्या काळात पाच कोटी टनांहून अधिक धातुक वर काढण्यात आले आणि त्यातून सुमारे ८०० टन सोने मिळाले. सोनभद्रच्या वार्तेतील सोने ह्याच्या पावणेचार पट होते! कोलारचे हे सर्व सोने एकत्र वितळवून ओतता आले असते, तर साडेतीन मीटर लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच अशा एका खोलीत ते बसले असते. ह्या एका खोलीभर सोन्यासाठी माळरानावर एक शहर वसले, दीडशे किलोमीटरांवरून वीज आणली गेली, आणि माणसे जमिनीखाली तीन किलोमीटर खोल उतरली. २००१ साली ती खाण बंद पडली. टनामागे किती ग्रॅम, ह्या एका प्रमाणाने त्या शहराचे भाग्य कसे घडविले व कसे बिघडविले, हेच येथे पाहावयाचे आहे.

प्रदेश आणि त्याखालचा खडक

कोलार सुवर्णक्षेत्र बंगळूरच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरांवर आहे. कोलार नावाचे जिल्ह्याचे गाव येथून सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. नावे सारखी असल्यामुळे नवख्या वाचकाचा घोटाळा होतो, म्हणून एवढे सांगणे अवश्य आहे. मराठी माणसास हा प्रदेश अगदीच परका नाही. सतराव्या शतकात विजापूर दरबाराकडून शहाजी राजांस कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, होस्कोटे यांच्याबरोबर कोलारही होते. हैदर अलीचा जन्म झाला ते बुदिकोटे गाव ह्याच टापूतील होय.

समुद्रसपाटीपासून साडेआठशे ते नऊशे मीटर उंचीवरचे हे पठार कोरडे आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम पाऊण मीटर पडतो, आणि तोही बेभरवशाचा. बारमाही वाहणारी एकही नदी नाही. नंदीदुर्गाच्या डोंगरात उगम पावणारी पालार नदी ह्याच जिल्ह्यातून तमिळनाडूकडे जाते, पण वर्षाचा बराच काळ तिचे पात्र वाळूचेच असते. म्हणून येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या उतारावर एकाखाली एक अशी तळी बांधली. वरचे तळे भरले की त्याचे पाणी खालच्यात जावे, अशी ती योजना असते. मोकळ्या माळावर ग्रॅनाइटचे उघडे गोलाकार धोंडे, मधूनमधून चिंच, करंज व बाभळीची झाडे, आणि नाचणीची शेते, असे ह्या प्रदेशाचे सामान्य रूप आहे.

ह्या फिकट रंगाच्या खडकांच्या प्रदेशातून दक्षिणोत्तर असा एक काळपट पट्टा गेलेला आहे. त्याची लांबी सुमारे ८० किलोमीटर असून रुंदी मात्र थोड्याच किलोमीटरांची आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस पट्टिताश्म नावाचा खडक आहे. पट्ट्यातील खडक मात्र मुळात ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हाचा असून पुढे प्रचंड दाब व उष्णता ह्यांमुळे त्याचे रूपांतर झालेले आहे. हा लाव्हा समुद्राच्या तळाशी वाहिला असला पाहिजे. कारण पाण्यात लाव्हा ओतला गेला की त्याचे बाहेरचे कवच तत्काळ थिजते आणि उशांच्या राशीसारखे गोलसर आकार तयार होतात. असे आकार ह्या भागात आजही ओळखू येतात. पेद्दपल्ली येथील असे खडक भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले आहेत. ह्या खडकांचे वय सुमारे २७० कोटी वर्षे आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर हाही लाव्हाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे कोलारच्या खडकापुढे सह्याद्री अगदी अलीकडचा ठरतो.

सोने मूळ लाव्हाबरोबर वर आले असे समजू नये. खडक तयार होऊन त्यावर दाब पडू लागल्यानंतर त्यात लांबच लांब भेगा पडल्या. भूकवचाच्या खोल भागातील अतिशय तप्त पाणी त्या भेगांतून वर चढू लागले. अशा पाण्यात गारेचे द्रव्य विरघळलेले असते, गंधकयुक्त संयुगे असतात, आणि त्यांच्या आधाराने सोन्याचाही अत्यल्प अंश वाहून येतो. वर येताना पाणी थोडे निवते, त्यावरचा दाब कमी होतो, व वाटेतील लोहयुक्त खडकाशी त्याची रासायनिक क्रिया घडते. त्यामुळे विरघळलेली द्रव्ये भेगेतच साचतात. अशा रीतीने पांढऱ्या वा करड्या गारेची शीर तयार होते व तिच्यात सोन्याचे सूक्ष्म कण अडकून राहतात. कोलारच्या ज्या शिरेने सर्वांत अधिक सोने दिले तिला ‘चॅम्पियन’ शीर असे नाव पडले. तिची जाडी सरासरी मीटरभर. परंतु जमिनीवर ती कित्येक किलोमीटर लांब जाते आणि खाली तीन किलोमीटरांपर्यंत तिचा माग लागलेला आहे. कागदाचा एक ताव उभा जमिनीत खुपसावा, तशी ती आहे. खाणीचा पुढील सर्व इतिहास ह्या आकारात दडलेला आहे. शीर पातळ असल्यामुळे ती संपू नये म्हणून माणसांस सतत खालीच जावे लागले.

शोधाची कथा

सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन तो पाण्यात धुणारा झारेकरी आपल्याकडे पूर्वी गावोगाव आढळत असे. पसरट भांड्यात माती व पाणी घेऊन ते विशिष्ट रीतीने हिंदकळले की हलकी माती पाण्याबरोबर निघून जाते व जड सोने तळाशी राहते. कोलारच्या पट्ट्यातील गावकरी हीच विद्या शेतांतील व ओढ्यांतील मातीवर चालवीत. खडक झिजून शिरेतील कण मातीत मिसळतात, व त्यांचे जडपण हीच त्यांची खूण असते. काही जागी पूर्वजांनी खडकात खड्डेही खणले होते. खडक आगीने तापवायचा, मग त्यावर पाणी ओतून तो तडकवायचा, ही प्राचीन खाणकामाची सामान्य रीत होती. पण खड्ड्यात पाणी लागले की काम तेथेच थांबे.

१८०२ साली जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट म्हैसूर संस्थानच्या पूर्व सरहद्दीची मोजणी करीत होता. ह्या भागातील सोन्याच्या गोष्टी त्याच्या कानी आल्या, व सोने दाखविणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले. ऊरगाम गावचे लोक मातीने भरलेली गाडी घेऊन आले आणि त्याच्या देखत ती माती धुऊन त्यांनी सोन्याचे कण काढून दाखविले. वॉरनने ह्याचा वृत्तान्त लिहून ठेवला. हाच वॉरन पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि हिंदू व मुसलमानी कालगणनेवर ‘काल-संकलित’ हा मोठा ग्रंथ त्याने १८२५ मध्ये प्रसिद्ध केला. इतिहासात सोन्याच्या शोधाशी त्याचे नाव जोडले जाते हे ठीकच, परंतु शोध ऊरगामच्या झारेकऱ्यांचा होता. वॉरनने तो कागदावर आणला.

तो कागद पुढे जवळजवळ सत्तर वर्षांनी एका निवृत्त सैनिकाच्या वाचनात आला. मायकेल फिट्झजेरल्ड लॅव्हेल हा आयरिश गृहस्थ न्यूझीलंडमधील युद्धातून परतून बंगळूरच्या लष्करी वस्तीत राहत होता. १८७१ साली बैलगाडीने प्रवास करून त्याने कोलारचा हा पट्टा पाहिला. १८७५ मध्ये त्यास म्हैसूर सरकारकडून वीस वर्षांचा पट्टा मिळाला, आणि ऊरगामजवळ त्याने खोदकाम आरंभिले. पण खडक फोडून खाली जाण्यास लागणारे भांडवल एका माणसाच्या आवाक्यातील नव्हते. काही वर्षांतच हे हक्क दुसऱ्यांकडे गेले. बंगळूरमधील लॅव्हेल मार्ग हे त्याचे आजचे स्मारक होय.

१८८० च्या सुमारास लंडनमधील जॉन टेलर आणि पुत्र ह्या पेढीने खाणींची व्यवस्था हाती घेतली. पहिली वर्षे निराशेची गेली. कंपन्यांचे भांडवल संपत आले, भागीदार काम गुंडाळण्याची भाषा बोलू लागले. शेवटी १८८३ च्या सुमारास म्हैसूर खाणीत प्लमर ह्या अधिकाऱ्याने प्राचीनांच्या खड्ड्यांतील भर उपसून त्यांच्या तळाखाली खणण्यास प्रारंभ केला, आणि चॅम्पियन शीर हाती लागली. पूर्वीचे खणणारे जेथे पाण्यामुळे थांबले होते तेथूनच नव्या खाणीचा आरंभ झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आरंभीच्या वर्षांत दर टन धातुकातून चाळीस ग्रॅमहून अधिक सोने मिळे. एवढे समृद्ध धातुक जगात क्वचितच आढळते. पाहता पाहता म्हैसूर, चॅम्पियन रीफ, ऊरगाम व नंदीदुर्ग अशा मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. १८९४ साली बोरिंगपेठेपासून (आजचे बंगारपेठ) मारिकुप्पमपर्यंत लोहमार्ग आला. १९०१ च्या शिरगणतीत ह्या वस्तीची लोकसंख्या ३८,००० वर गेलेली दिसते. वीस वर्षांपूर्वी तेथे चार-दोन खेडी होती.

एका टनातून काही ग्रॅम

खाणीतून वर आलेला खडक आधी फोडून मग लोखंडी मुसळांच्या गिरणीत कांडला जाई. उखळ-मुसळाचेच हे यंत्ररूप. मात्र प्रत्येक मुसळ शेकडो किलोग्रॅम वजनाचे असे व रात्रंदिवस पडत राही. ह्या पिठात पाणी मिसळून ते पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहविले जाई. पारा सोन्यास धरून ठेवतो. नंतर पत्रे खरवडून तो मिश्रधातू तापविला की पारा वाफेच्या रूपाने निघून जातो व सोने उरते. तथापि अतिसूक्ष्म कण ह्या रीतीने हाती लागत नसत आणि रेतीबरोबर वाया जात.

ही अडचण १८८७ साली ग्लासगो येथे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी शोधलेल्या रीतीने दूर झाली. सोने सहसा कोणत्याही द्रावणात विरघळत नाही. परंतु सोडियम सायनाइडच्या अगदी सौम्य द्रावणात, हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने, ते हळूहळू विरघळते. मग त्या द्रावणात जस्त टाकले की जस्त विरघळून सोन्याची जागा घेते व सोने काळसर भुकटीच्या रूपाने खाली बसते. कोलारच्या खाणींनी ही रीत लवकरच स्वीकारली.

आता हिशेब पाहावा. एक टन म्हणजे दहा लक्ष ग्रॅम. त्यातून सोळा ग्रॅम सोने निघाले तर ९,९९,९८४ ग्रॅम रेती उरते. कोलारच्या साऱ्या इतिहासाची सरासरी एवढीच, म्हणजे टनाला सुमारे सोळा ग्रॅम आहे. खाणीतून सोने निघते असे आपण म्हणतो, पण खाणीतून निघते ती मुख्यतः रेती. ती कोठे टाकावयाची ह्याचा विचार त्या काळी कोणी फारसा केला नाही. गिरणीजवळची मोकळी जागा हेच तिचे ठिकाण ठरले.

वीज व पाणी

खाणीत उतरण्यासाठी उभे कूपक असतात. त्यांतून पाळणे वर-खाली करणे, पाणी उपसणे, हवा आत ढकलणे आणि वर मुसळे चालविणे, ह्या सर्वांना अविरत शक्ती लागे. वाफेच्या यंत्रांसाठी कोळसा दुरून आणावा लागे, सरपणासाठी भोवतालची झाडी तुटे. ह्यावर म्हैसूर संस्थानने धाडसी उपाय योजिला. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील धबधब्यापाशी जलविद्युत् केंद्र उभारण्यात आले, आणि तेथून सुमारे १४८ किलोमीटर लांब तारांवरून ३० जून १९०२ रोजी वीज कोलारला पोहोचली. त्या काळी इतक्या अंतरावर वीज नेणाऱ्या तारा जगात फारच थोड्या होत्या. स्वतः अय्यर मात्र हा दिवस पाहण्यास राहिले नव्हते. १९०१ मध्येच ते निवर्तले. बंगळूर शहरास वीज मिळाली ती ह्यानंतर तीन वर्षांनी. राजधानीच्या रस्त्यांआधी खाणीच्या बोगद्यांत दिवे लागले, ह्यावरून संस्थानच्या तिजोरीस सोन्याचे महत्त्व किती होते हे कळून येते.

पाण्यासाठी पालार नदीवरील बेतमंगल येथील तळ्याचा आश्रय घ्यावा लागला. तेथून नळांनी पाणी आणून, गाळून ते वस्तीला व गिरण्यांना पुरविले जाई. जमिनीवर पाण्याचा दुष्काळ आणि जमिनीखाली पाण्याचा उपसा, अशी विचित्र स्थिती ह्या गावी कायमची होती.

तीन किलोमीटर खाली

शीर खाली जाईल तसतसे कामगारही खाली गेले. चॅम्पियन रीफ खाण शेवटी ३.२ किलोमीटर खोल झाली व जगातील अतिखोल खाणींत गणली जाऊ लागली. जमिनीत खाली जावे तसे तापमान वाढते. सामान्यतः ही वाढ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस असते. कोलारचा खडक अतिप्राचीन व निवालेला असल्यामुळे तेथे ती निम्म्याच्या आसपासच आहे, आणि म्हणूनच इतके खोल जाणे शक्य झाले. तरीही तळाच्या खडकाचे तापमान ६५ अंशांच्या आसपास असे. थंड केलेली हवा आत सोडल्यावाचून तेथे माणूस काम करूच शकला नसता.

उष्णतेपेक्षाही भयंकर होता दाब. तीन किलोमीटर उंचीच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरवर नऊशे किलोग्रॅमच्या घरात जातो. शीर खणून काढली की तिच्या जागी पोकळी निर्माण होते आणि हा भार भोवतालच्या खडकावर येतो. कठीण खडक वाकत नाही. दाबलेल्या कमानीप्रमाणे तो शक्ती साठवून ठेवतो आणि सहनशक्ती संपली की एकाएकी फुटतो. ह्यासच शिलास्फोट म्हणतात. अशा स्फोटांनी कोलारमध्ये बोगदे क्षणात बुजून गेले, अनेक कामगार प्राणास मुकले, आणि वर गावातील घरांनाही हादरे बसले. पोकळ्यांत ग्रॅनाइटच्या दगडांच्या भिंती रचून आधार देण्याची पद्धत येथे वापरली गेली. भूकंपमापक यंत्रे लावून स्फोटांच्या जागांची नोंद ठेवण्यात येऊ लागली. राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेची स्थापना १९८८ साली कोलार सुवर्णक्षेत्रातच झाली, ती ह्या अनुभवामुळेच.

तिसरा शत्रू डोळ्यांस दिसत नसे. गारेचा खडक वेधताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसांत शिरली की तेथे कठीण तंतू तयार होतात व श्वास हळूहळू कोंडतो. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात, व त्यावर औषध नाही. १९४० ते १९४६ ह्या काळात कोलारच्या सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील ४३.७ टक्क्यांना हा रोग जडल्याचे आढळले. भारतातील औद्योगिक रोगांच्या अभ्यासात ह्या तपासणीचा उल्लेख आजही केला जातो.

हे कामगार बहुतांशी तमिळभाषी असून उत्तर अर्काट, सेलम ह्या जिल्ह्यांतून आलेले होते. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील कुटुंबे पुष्कळ होती. गावच्या जमीनदारीतून व जातीच्या जाचातून सुटण्यासाठी खाणीची वाट त्यांनी धरली. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बागांनी वेढलेले बंगले, क्लब व खेळाची मैदाने होती, त्यावरून ह्या गावास ‘छोटे इंग्लंड’ म्हणत. मजुरांच्या वाट्यास मात्र ओळीने बांधलेल्या एकेका खोलीच्या चाळी येत. ‘छोटे इंग्लंड’ हे वर्णन लिहिणाऱ्यांनी ह्या चाळी पाहिल्या नसाव्यात. १९३० साली बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध हजारो मजुरांनी संप केला. गुन्हेगारांप्रमाणे आपले ठसे घेतले जावेत हे त्यांस अपमानास्पद वाटले.

खाणीतील प्रयोगशाळा

सोन्याशी ज्याचा काही संबंध नाही असे एक महत्त्वाचे कार्यही ह्या खाणीत झाले. अवकाशातून पृथ्वीवर विश्वकिरणांचा सतत वर्षाव होत असतो. त्यांच्यामुळे वातावरणात निर्माण होणारे काही कण खडक भेदून खोलवर जातात. किती खोल जातात, हे मोजण्यास कोलारसारखी दुसरी सोयीची जागा भारतात नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५१ च्या सुमारास येथे मोजमापास प्रारंभ केला. बी. व्ही. श्रीकंठन हे ह्या कामातील एक प्रमुख होत.

अधिकाधिक खाली गेल्यावर उपकरणांत कणांची नोंद जवळजवळ थांबली. ही शांतता शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडली. न्यूट्रिनो नावाचा कण संपूर्ण पृथ्वीतूनही बहुधा अडथळ्यावाचून पार होतो. तो पकडणे कमालीचे कठीण असते. वरच्या खडकाने इतर सर्व कण अडविल्यावर, आडव्या दिशेने येणारा जो क्वचित कण उपकरणात दिसेल, तो न्यूट्रिनोच्या आघातातून निर्माण झालेला असला पाहिजे, असा हा तर्क होता. १९६५ साली, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानमधील ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह अशा कणांची नोंद केली. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचे हे जगातील पहिल्या दर्शनांपैकी एक होय. त्याच वर्षी, काही दिवसांच्या अंतराने, दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्याच खाणीतून फ्रेडरिक राइनेस यांच्या गटानेही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे १९८० नंतर प्रोटॉन हा कण आपोआप विघटन पावतो काय, हे पाहण्यासाठी १४० टन वजनाचे लोखंडी उपकरण कोलारच्या खाणीत बसविले गेले. तसे विघटन निश्चित स्वरूपात जगात अद्याप कोठेही आढळलेले नाही.

खाण बंद झाल्यावर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाकाठी सतरा-अठरा टन सोने निघे. नंतर उत्पादन ओसरत गेले. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मालक बदलले तरी खडकातील प्रमाण बदलणे कोणाच्याच हाती नव्हते. चाळीस ग्रॅमांवरून ते शेवटी तीन-चार ग्रॅमांवर आले. उलट खोली वाढल्यामुळे दर टन खडक वर आणण्याचा, थंड हवेचा व पाणी उपसण्याचा खर्च वाढतच गेला. जगाच्या बाजारातही त्या वर्षांत सोन्याचा भाव उतरलेला होता. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद करण्यात आली. शेवटपर्यंत कामावर असलेले हजारो कामगार एका दिवसात बेकार झाले. बंद करण्याचा निर्णय हिशेबाने अटळ असेल. परंतु ज्या चाळी, रुग्णालय, नळ व दिवे खाणीच्याच जिवावर चालत, त्यांची पर्यायी व्यवस्था आधी करता आली नसती असे म्हणता येत नाही.

पंप थांबल्यावर बोगद्यांत पाणी चढू लागले. तळाचे मजले आता बुडालेले आहेत. वर उरले आहेत रेतीचे प्रचंड ढीग. तीन कोटी टनांहून अधिक अशी ही रेती तेरा ढिगांत विभागलेली असून स्थानिक लोक त्यांस ‘सायनाइडच्या टेकड्या’ म्हणतात. दुरून पाहणाऱ्यास त्या खऱ्या टेकड्याच वाटतील. पण त्यांच्यावर ग्रॅनाइटचा धोंडा नाही, की झाडही सहसा नाही. सायनाइड ऊन व हवा ह्यांमुळे कालांतराने विघटन पावते. मात्र रेतीत गंधकयुक्त खनिजे असतात. हवा व पाणी मिळाले की त्यांपासून आम्ल तयार होते व ते इतर धातूंचे अंश विरघळवून ओढ्यांकडे नेते. शिवाय हे पीठ इतके बारीक आहे की वारा सुटला म्हणजे ते उडून घराघरांत शिरते. ढिगांवर गवत व झाडे लावण्याचे प्रयत्न झाले. परंतु ज्यात सेंद्रिय द्रव्य नाही व जे पाणी धरून ठेवत नाही, अशा पिठात रोप तगविणे सोपे नसते.

ह्या रेतीत अजूनही थोडे सोने आहे. टनामागे एक ग्रॅमही नाही, पण रेती आधीच खणलेली व दळलेली असल्यामुळे मोठा खर्च वाचतो. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने ह्या तेरा ढिगांतून सोने काढण्याच्या केंद्र सरकारच्या प्रस्तावास संमती दिली. असे काम करताना रेती पुन्हा उकरली जाणार, पुन्हा सायनाइड वापरले जाणार, आणि सोने काढल्यावर ती पुन्हा जवळजवळ तेवढीच उरणार. ती ह्या खेपेस कोठे व कशी ठेवली जाते, ह्यावर गावच्या हवेचे व पालारच्या पाण्याचे भवितव्य अवलंबून राहील.

कोलार जिल्ह्यातील विहिरींचे पाणी दरम्यान खोल खोल गेले असून बऱ्याच ठिकाणी त्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. २०१८ पासून बंगळूरचे सांडपाणी शुद्ध करून ते जिल्ह्यातील जुन्या तळ्यांत सोडण्यास प्रारंभ झाला आहे. ह्या तळ्यांचे पाणी पिण्यासाठी नसून भूगर्भातील साठा वाढविण्यासाठी आहे.

खाणकामगारांची मुले व नातवंडे बहुतेक गावीच राहिली. गावात १९६४ साली स्थापन झालेल्या अवजड यंत्रांच्या सरकारी कारखान्याखेरीज मोठा उद्योग नाही. म्हणून पहाटेच्या अंधारात मारिकुप्पम, चॅम्पियन, ऊरगाम ह्या स्थानकांवर माणसांची गर्दी होते. बंगळूरकडे जाणारी गाडी त्यांस घेऊन निघते व रात्री परत आणून सोडते. १८९४ साली खाणीसाठी जो लोहमार्ग घातला गेला, तोच हा मार्ग होय.